जुन्या लॅपटॉपात जीटीए चालन का?

"भाऊ, याच्यात जीटीए चालन का?"

फुलचूरला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. गाव गोंदिया शहराला इतकं लागून आहे, की शहर कुठे संपलं आणि फुलचूर कुठे सुरू झालं हे नव्या माणसाला सांगता येत नाही. गिऱ्हाईक शहरातलं येतं, गोरेगाव-आमगावकडच्या खेड्यांतलं येतं आणि राज्याची सीमा ओलांडून बालाघाटकडूनही येतं. फुटलेली स्क्रीन, तुटलेलं हिंज, कीबोर्डवर सांडलेला चहा ही रोजची कामं. पण सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न वरचाच, जीटीए या गेमबद्दलचा. विचारणारा साधारण अकरावी-बारावीतला किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा मुलगा असतो. लॅपटॉप त्याच्या दादाचा किंवा ताईचा असतो, नोकरी लागल्यावर त्यांनी नवा घेतला म्हणून याच्याकडे आलेला. आणि बऱ्याचदा मागे बाप उभा असतो, काही न बोलता.

हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेला नाही. ज्या घरात एकच मशीन आहे, त्याच मशीनवर महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा आहे, एमएससीआयटीचा सराव करायचा आहे आणि रात्री गेमही खेळायचा आहे, तिथे 'चालेल' किंवा 'नाही चालणार' या एका शब्दावर घरातला मोठा खर्च ठरतो. आमच्या भागात बऱ्याच घरांत पैसा धान विकल्यावर येतो. मी घाईत 'नाही चालणार' म्हटलं, तर ते पैसे नव्या लॅपटॉपकडे वळतात. 'चालेल, रॅम टाकून देतो' म्हटलं आणि नाही चालला, तर रॅमचे पैसे गेले आणि मुलाची आशाही गेली. म्हणून मी एकच सांगतो: संध्याकाळपर्यंत ठेवून जा, उघडून पाहतो, मग सांगतो.

उघडून पाहणं का महत्त्वाचं, हे आमच्याकडच्या हवेतून कळतं. गोंदियात राइस मिल खूप. धान भरडलं की तुसाची बारीक भुकटी हवेत असते आणि मिलच्या जवळच्या घरांत ती खिडकीतून आत येते. त्यात उन्हाळा आला की प्रत्येक घरात कूलर लागतो. पोरं कूलरसमोर बसून खेळतात, कारण तिथेच गार वाटतं. पण कूलरची हवा दमट असते. दमट हवा आणि तुसाची भुकटी दोन्ही लॅपटॉपच्या पंख्यातून आत गेली, की पंखा आणि तांब्याच्या नळीची जाळी यांच्या मधल्या फटीत घट्ट थर बसतो. हा थर बाहेरून दिसत नाही. ब्लोअरने बाहेरून हवा मारली तरी निघत नाही, उलट आत सरकतो. खालचं कव्हर काढून, पंख्याचे स्क्रू सोडवून, पंखा उचलला की हा थर नखाने सोलून काढावा लागतो. सोलला की सलग पट्टीच हातात येते. जिथून गरम हवा बाहेर पडायची, ती वाट पूर्ण बंद झालेली असते.

प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. मुलगा सांगतो, "पहिले दहा मिनिटं मस्त चालते, मंग काहून हँग होते समजत नाही." या एका वाक्यावरून मला निम्मं निदान कळतं. पहिली दहा मिनिटं चालतं म्हणजे मशीनमध्ये ताकद आहे. नंतर अडतं म्हणजे ती गुदमरते आहे. जो गेम सुरूच होत नाही, किंवा पहिल्या सेकंदापासून तुटक चालतो, त्याचं दुखणं वेगळं.

आता यात आमच्या उन्हाळ्याचा हिशेब मिळवा. पंखा बाहेरचीच हवा आत घेतो. जानेवारीत खोलीतली हवा २५ अंशांची असते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. म्हणजे तापायला मिळणारी जागाच २० अंशांनी कमी होते. थंडीत ज्या लॅपटॉपवर गेम नीट चालला तोच मेमध्ये अडखळतो आणि लोकांना वाटतं बिघडला. बिघडलेलं काही नसतं. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यांत तापत्या दिवसांत, दुपारी दोन वाजता खेळू नका, रात्री खेळा, आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ३० वर ठेवा, इतकंच सांगून मी कित्येकांना एक पैसाही न घेता परत पाठवतो. हे काम मला फार आवडतं.

एक लॅपटॉप माझ्या चांगला लक्षात आहे, कारण त्याच्यात या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र आल्या होत्या. २०१५ च्या सुमाराचं मशीन: आय५-५२००यू प्रोसेसर, म्हणजे दोन कोअर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरणारी हार्डडिस्क, आणि एनव्हिडियाचं ९२०एम हे छोटं ग्राफिक्स कार्ड. मुलाला जीटीए ५ खेळायचा होता. तो गेम पीसीवर १४ एप्रिल २०१५ ला आला, म्हणजे लॅपटॉप आणि गेम एकाच वयाचे. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने तेव्हा किमान गरज म्हणून इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू६६००, ४ जीबी रॅम आणि १ जीबीचं ९८०० जीटी कार्ड सांगितलं होतं. कागदावर हे मशीन त्याच्या उंबरठ्यावर बसत होतं. पण मुलाच्या घरी गेम सुरू व्हायलाच इतका वेळ लागे की घरचे चिडत, आणि सुरू झाल्यावर रस्ते गाडीच्या पुढे उशिरा उगवत.

मी आधी काहीच न बदलता मोजलं. तापमान आणि वेग एका बाजूला, फ्रेमचा आकडा दुसऱ्या बाजूला. त्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट मिळणारं साधन मी सगळ्या मशीनवर टाकतो. थोड्याच वेळात प्रोसेसर मूळ वेगाच्या खूप खाली घसरला. मग उघडलं, थर काढला, वाळून पापुद्रा झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. पुन्हा तोच गेम, तीच जागा, तीच गाडी. वेग टिकला. एवढ्या एका कामानंतर खेळण्यासारखी स्थिती आली, पण अधूनमधून झटके राहिले. ते झटके रॅमचे आणि हार्डडिस्कचे होते. गेमला ४ जीबीतली जागा पुरत नव्हती, म्हणून विंडोज उरलेला माल हार्डडिस्कवर ठेवत होतं आणि तिथून परत आणत होतं. जुनी फिरणारी डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. लहान लहान तुकडे शोधून आणायचे असले की फरक याहूनही कितीतरी मोठा. दुसऱ्या स्लॉटमध्ये ४ जीबीची रॅम बसवली, एसएसडी टाकली, जुनी डिस्क डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत घालून दिली. रिझोल्यूशन १२८० बाय ७२० केलं, सावल्या आणि गवत कमी केलं. तिशीच्या आसपास फ्रेम मिळू लागल्या, आणि त्या टिकल्या. बापाने विचारलं, "आता फॉर्म भराले बी लवकर उघडन का?" उघडतो, सांगितलं. त्याच्यासाठी तोच खरा फायदा होता, आणि माझ्या मतेही.

रिझोल्यूशनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पोरं याच ठिकाणी हट्ट करतात. १९२० बाय १०८० म्हणजे पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके. १२८० बाय ७२० म्हणजे नऊ लाखांच्या थोडे वर. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० हवी असतील तर १७ सुद्धा पुरे मिळत नाहीत. छोट्या कार्डाला तेवढ्याच वेळात निम्म्याहून कमी ठिपके रंगवायला दिले तर ते जमवतं. चित्र थोडं मऊ दिसतं, पण पंधरा इंची पडद्यावर खेळताना पाच मिनिटांत डोळा सरावतो. २०२१ मध्ये एएमडीने एफएसआर नावाचं तंत्र काढलं. त्यात चित्र लहान काढून ते हुशारीने मोठं केलं जातं, आणि ते दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या कार्डांवरही चालतं. ज्या गेममध्ये ही सोय आहे तिथे जुन्या लॅपटॉपला चांगला आधार मिळतो.

दुसरा गैरसमज रॅमच्या जोडीचा. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यात इंटेलचं आतलं ग्राफिक्स हीच साधी रॅम वापरतं. डीडीआर३ च्या १६०० वेगाची एकच पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माल देऊ शकते. दोन पट्ट्या लावल्या तर २५.६. म्हणून ८ जीबीची एक पट्टी आणि ४-४ च्या दोन पट्ट्या यांत आकडा तोच दिसला, तरी गेममध्ये दुसरी रचना स्पष्टपणे सरस ठरते. नागपूरच्या सीताबर्डीतून सेकंड हॅन्ड पट्टी मागवली तरी हे काम होतं. आतलं ग्राफिक्स असलेल्या मशीनवर मला याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक उपाय माहीत नाही.

आणि ज्यात वेगळं कार्ड आहे, तिथे पोरं फक्त एक गोष्ट विचारतात: "किती जीबीचं?" विकणारेही तेच सांगतात. एकदा एक गृहस्थ मुलासाठी सेकंड हॅन्ड लॅपटॉप घेण्याआधी मला फोटो दाखवायला आले. '४ जीबी ग्राफिक्स' असं स्टिकर होतं आणि त्यावरच किंमत चढवली होती. आत ९२०एम होतं. त्याची मेमरी डीडीआर३ ची, ६४ बिटच्या अरुंद वाटेवरची, सेकंदाला १४.४ जीबी देणारी. त्याच सुमाराच्या किमतीत, शोधलं तर, २ जीबीचं जीटीएक्स १०५० असलेला जुना गेमिंग लॅपटॉप मिळतो. त्याची वाट १२८ बिटची, मेमरी जीडीडीआर५, वेग ११२ जीबी. स्टिकरवरचा आकडा निम्मा, काम कित्येक पट. मी त्यांना तो व्यवहार करू नका असं स्पष्ट सांगितलं. कार्डाचं पूर्ण नाव विचारा. नाव सांगत नसतील तर घेऊ नका.

आमच्याकडे सध्या ऑफिसातून निघालेले लॅपटॉप पुष्कळ येतात. मजबूत असतात, कीबोर्ड सुंदर, आय५ चा आठव्या पिढीचा चार कोअरचा प्रोसेसर. अभ्यासाला, हिशेबाला, फोटोशॉपला उत्तम, आणि मी ते मनापासून सुचवतो. पण त्यांत यूएचडी ६२० हे आतलंच ग्राफिक्स असतं. जीटीए ५, व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट इथपर्यंत ते जातं. त्यापुढे सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ ची अपेक्षा ठेवून कोणी तो घेत असेल, तर मी पैसे घेण्याआधीच थांबवतो. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. टेबलावरच्या पीसीसारखं नंतर कार्ड बदलता येत नाही. रॅम बदलेल, डिस्क बदलेल, बॅटरी बदलेल. ही एक गोष्ट घेतली त्या दिवशी ठरली.

अॅडॉप्टरचाही उल्लेख करतो, कारण त्याकडे कोणी पाहत नाही. मूळ ९० वॉटचा अॅडॉप्टर जळला की लोक बाजारातून ६५ वॉटचा डुप्लिकेट आणतात. लाइट लागतो, चार्ज होतो, म्हणून वाटतं ठीक आहे. काही कंपन्यांचे लॅपटॉप अॅडॉप्टर ओळखू आला नाही तर मुद्दाम प्रोसेसरचा वेग पाडून ठेवतात. गेम हळू चालतो अशी तक्रार घेऊन आलेल्या मशीनला मी पहिल्यांदा माझ्याकडचा योग्य अॅडॉप्टर लावतो. काही वेळा दुरुस्ती तिथेच संपते. बॅटरीवर खेळणाऱ्यांचंही तसंच. लाइट गेली की वेग पडतो, ते मशीनने ठरवून केलेलं असतं.

इथपर्यंत सगळं माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या कक्षेतलं. पण मागच्या काही वर्षांत असे प्रसंग वाढले आहेत जिथे लॅपटॉपमध्ये काहीच दोष नसतो आणि तरी मुलाला 'नाही' सांगावं लागतं. त्यातला सगळ्यांत जास्त लागलेला प्रसंग काउंटर-स्ट्राइकचा. ग्लोबल ऑफेन्सिव्ह हा गेम २०१२ चा. त्याला २ जीबी रॅम आणि १५ जीबी जागा पुरत असे. आमच्याकडची कितीतरी पोरं तो साध्या लॅपटॉपवर, आतल्या ग्राफिक्सवर, वर्षानुवर्षं खेळली. २७ सप्टेंबर २०२३ ला त्याच्या जागी काउंटर-स्ट्राइक २ आला. गरज झाली ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा. काल चालत होता तो गेम आज चालेना. पोरं लॅपटॉप घेऊन आली, कोणी म्हणे व्हायरस आला, कोणी म्हणे डिस्क गेली. मी तपासून सांगत होतो, तुझं मशीन जसं होतं तसंच आहे. ज्याने मेहनतीने खेळ शिकला, त्याच्या हातातून तो खेळ असा निघून जावा, याचं मला आजही वाईट वाटतं. गेम बनवणाऱ्यांना पुढे जायचं असतं हे समजतं. पण जुनी आवृत्ती अशा मुलांसाठी उघडी आणि खेळती ठेवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

जीटीए ५ च्या बाबतीत ते बऱ्यापैकी घडलं, हे चांगलं झालं. ४ मार्च २०२५ ला त्याची एनहान्स्ड नावाची नवी आवृत्ती पीसीवर आली. ती ४ जीबीचं नव्या धाटणीचं कार्ड मागते आणि एसएसडी मागते. जुनी लेगसी आवृत्ती वेगळी ठेवली आहे. तेव्हापासून माझ्या दुकानात अशी मशीनं येऊ लागली ज्यांच्यावर पोरांनी नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि चालत नाही म्हणून कपाळाला हात लावला. लेगसी टाकून दिली की चालू. शंभर जीबीच्या आसपासचा डाउनलोड, दिवसाला दीड-दोन जीबी मिळणारा मोबाइलचा डेटा, अशा स्थितीत चुकीची आवृत्ती उतरवणं किती महाग पडतं ते शहरातल्या ब्रॉडबँडवाल्याला कळायचं नाही. मे २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात, एपिक या ऑनलाइन गेम-दुकानाने हाच गेम आठवडाभर फुकट दिला होता. ज्यांनी तेव्हा आपल्या खात्यात घेऊन ठेवला, त्यांचा तो कायमचा झाला. पुढे कित्येकांनी मित्राच्या हार्डडिस्कवरून फोल्डर आणून माझ्याकडे बसवून घेतला.

दुसऱ्या बाजूला असे गेम आहेत ज्यांच्यापुढे जुनं मशीन उभंच राहू शकत नाही, आणि तिथे साफसफाई, रॅम, एसएसडी काहीही उपयोगाचं नाही. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा हार्डडिस्कवर चालत होता. २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर किमान गरजेतच एसएसडी आणि जीटीएक्स १०६० आलं. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंग करणारं हार्डवेअर लागतंच लागतं. प्रकाशाचा किरण कुठून आला, कुठे आदळला, हे मोजणारे वेगळे भाग चिपमध्येच असावे लागतात. ते एनव्हिडियाच्या लॅपटॉप कार्डांत २०१९ पासून, आरटीएक्स मालिकेसोबत आले. त्याआधीच्या कार्डात ते भागच नाहीत. सेटिंग कितीही खाली आणा, जे नाही ते येणार नाही. अशा वेळी मी मुलाला कार्डाचं नाव आणि गेमची मागणी शेजारी शेजारी लिहून दाखवतो. कागदावर पाहिलं की तो मानतो. तोंडी 'नाही' म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जातो आणि तिथे कोणीतरी त्याला रॅम विकतो.

विंडोजचाही घेर आवळतो आहे. गेम विकणाऱ्या स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर आधार बंद केला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. आणि व्हॅलोरंटसारखा हलका गेम, जो २०१२ च्या एचडी ४००० ग्राफिक्सवरही ३० फ्रेमने चालावा असा बनवला आहे, तो विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. जुन्या मशीनवर ११ अधिकृतपणे येत नाही, म्हणून पोरांनी कुठूनतरी 'जुन्या मशीनवर ११' ची युक्ती शोधून टाकलेली असते, आणि मग हाच गेम त्यांना दारात अडवतो. अशा मशीनवर विंडोज १० च ठेवा, असं मी सांगतो; फक्त त्यावर बँकेचे व्यवहार करताना जपा, हेही सांगतो.

याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 'हायली कंप्रेस्ड', 'लो एंड पीसीसाठी खास', अशा नावाच्या फाइल. जीटीए ६ जाहीर झाला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांच्यासाठी. मी हे लिहितो तोपर्यंत पीसीसाठी त्याची तारीखही जाहीर नाही. तरी त्याचा 'सेटअप' उतरवून बसलेली पोरं माझ्याकडे आली आहेत. गेम तर नसतोच, पण मागे काहीतरी दिवसरात्र प्रोसेसर राबवत असतं, ब्राउझरमधले पासवर्ड गेलेले असतात. ज्या मशीनवर घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं आहेत त्यावर हे करू नका, असं मी प्रत्येकाला समोर बसवून सांगतो.

एक गोष्ट मात्र मी पोरांना आवर्जून दाखवतो. निन्टेन्डो स्विच हे हातात धरायचं यंत्र २०१७ चं. त्यातली टेग्रा एक्स१ चिप २०१५ मध्ये जाहीर झालेली, आणि रॅम अवघी ४ जीबी. त्यावर द विचर ३ सारखा भलामोठा गेम २०१९ मध्ये उतरवला गेला आणि लोक तो शेवटपर्यंत खेळले. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला राजी: अॅन एन्शंट एपिक हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवरच आला, आणि ऑक्टोबरात पीसीवर. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट. छोटा चमू, अनरियल इंजिन, आणि एवढ्याशा चिपवर बसवलेलं काम. म्हणजे गेम किती ताकद मागणार हे बऱ्याच अंशी बनवणारा ठरवतो. ज्याला जुनं यंत्र असलेल्या माणसापर्यंत पोचायचं आहे, तो पोचतो.

हे मी सांगत असताना एकदा समोर बीसीएला असलेली एक मुलगी होती. तिचा लॅपटॉप सहाव्या पिढीचा, एचडी ५२० ग्राफिक्सचा, पंख्याचा आवाज फार येतो म्हणून आणलेला. तिने विचारलं, "दादा, यात गेम बनवता येईल का?" मला हा प्रश्न पहिल्या प्रश्नापेक्षा जास्त आवडला. अनरियल ५ त्या मशीनवर नीट चाललं नसतं. मी तिला गोडो हे गेम बनवायचं इंजिन टाकून दिलं. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आकाराने इतकं लहान की मोबाइलच्या डेटावर सहज उतरतं, आणि जुन्या ग्राफिक्ससाठी त्यात वेगळी पद्धत ठेवलेली आहे. पंखा साफ केला, रॅमची दुसरी पट्टी बसवली. पुढे ती फुलचूरच्या रस्त्यांसारखे रस्ते असलेला एक सायकलचा छोटा गेम घेऊन दाखवायला आली. साधा, दोन मितींचा. तो माझ्या दुकानातल्या सगळ्यांत जुन्या मशीनवरही अडखळला नाही.

तेव्हा जुना लॅपटॉप नव्या जड गेमांना पुरतो का, यावर माझं इतक्या वर्षांच्या कामातून बनलेलं मत सांगतो. २०१८ पर्यंतचे बहुतेक गेम वेगळं कार्ड असलेल्या जुन्या लॅपटॉपवर खालच्या सेटिंगला चालतात. आतलं ग्राफिक्स असेल तर आणखी चार-पाच वर्षं मागे जा. २०२३ नंतरचे मोठे गेम जवळपास नाहीतच. त्या गेमांसाठी जुन्या मशीनवर पैसे घालू नका. ते पैसे साठवा. पण मशीन मंद झालं म्हणून ते संपलं असं मात्र समजू नका. माझ्याकडे 'टाकाऊ' म्हणून आलेल्या लॅपटॉपांतले बरेचसे फक्त आत कोंडलेल्या धुळीने अडलेले होते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असं मशीन पडून असेल त्यांना एकच विनंती. नवीन घेण्याआधी, रॅम टाकण्याआधी, भंगारात देण्याआधी ते उघडून साफ करून घ्या. साफ करण्याआधीचं आणि नंतरचं तापमान आणि फ्रेमचा आकडा दुकानदाराला तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा. तो दाखवत नसेल, तर दुसरं दुकान शोधा.